ओलं गोणपाट

१५ एप्रिल

पोहोचलो. मी, सात महिन्यांची टिकी, दोन ट्रंका आणि आईने बळेच दिलेलं बेलाचं पन्हं. पन्हं टिटलागडच्या फलाटावरच संपलं. गाडीतून उतरताच वारा अंगावर आला तो थेट भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा. आमच्या केंद्रापाड्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. इथे घाम यायच्या आत वाळतो. टिकीला मात्र टेम्पोचे धक्के फार आवडले, पोडापाली गाव येईपर्यंत हसत होती.

माझं आरोग्य उपकेंद्र बरं आहे. दोन खोल्या, लशींचा फ्रीज, एक खाट आणि गुरुबारी माउसी. माउसी इथली मदतनीस. साठीची असेल, पण पाण्याची घागर माझ्याआधी उचलते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, समुद्राकडची ना तू दिदी? मग मे उजाडेपर्यंत बत्ताशासारखी विरघळशील. काळजी करू नको, वाटीत गोळा करून नवऱ्याकडे पाठवीन. बिभू पारादीपच्या बंदरात कामाला. रात्री फोनवर त्याला हे सांगितलं तर म्हणाला, वाटी मोठी घ्यायला सांग.

घर गावाच्या टोकाला, स्टेशनच्या रस्त्यावर एकटंच आहे. रस्त्यालगत एका ओळीत तीन खोल्या: पुढची, मधली, स्वयंपाकाची. दार आणि चारही खिडक्या पश्चिमेला, रस्त्याकडे. मागे अंगण आणि त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मालक पद्मलोचन मेहेर, सगळे त्यांना मौसा म्हणतात. विणकर आहेत, सत्तरी उलटलेली, दोन गल्ल्या सोडून मागापाशी राहतात. किल्ली देताना एकच अट घातली. मधल्या खोलीची खिडकी कितीही ऊन आलं तरी झाकायची नाही. का, विचारलं तर म्हणाले, हवा खेळती राहते.

झोळी मात्र मधल्याच खोलीत टांगावी लागली. आढ्याला कडी तिथेच आहे.

१८ एप्रिल

आज माझी शोभा बघायला निम्मं गाव येऊन गेलं. इथल्या लोकांना वाटलं नर्सदिदीने दुकान थाटलं.

झालं असं की तीन दिवसांत मला कळलं, पंखा हा नुसता गरम हवा ढवळतो. तोही वीज असेल तेव्हा. मग मी डोकं चालवलं. ऊन एकदा घरात आलं की त्याला बाहेर काढता येत नाही, म्हणून ते बाहेरच अडवायचं. बांबूच्या तट्ट्या आणल्या आणि खिडक्यांच्या बाहेर भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून उभ्या केल्या, म्हणजे मधून वारा फिरतो आणि तट्टी तापली तरी भिंत तापत नाही. मौसांनी खिळे आणि हातोडी आणून दिली, दोन खिळे स्वतः ठोकले. आतून गजांवर गोणपाट. रेशनच्या तांदळाची रिकामी पोती उसवून, दाभणाने दोन-दोन जोडून शिवली. ती सकाळी भिजवायची आणि दुपारी दोनदा पाणी शिंपडायचं. गच्चीवर चुना फासला. सकाळी आठला सगळं बंद, संध्याकाळी उन्हं उतरली की सगळं सताड उघडं.

उपकेंद्रातला थर्मामीटर आणून दुपारी मोजलं. बाहेर त्रेचाळीस, पुढच्या खोलीत चौतीस. नऊ अंशांचा फरक, तोही गोणपाटाच्या जोरावर. बिभूला सांगितलं तर म्हणतो, टिकीला पहिला दात आला तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता तुला.

मधली खोली मात्र अडतीस. त्या उघड्या खिडकीतून दोन वाजता उन्हाचा पट्टा येतो तो सरळ झोळीवर.

२१ एप्रिल

पंचेचाळीस. आज उपकेंद्रात उष्माघाताचे चार आले. एकाला टिटलागडला पाठवावं लागलं. टिकीचं अंग घामोळ्यांनी लालभडक झालंय. दुपारी ती रडत नाही, नुसती धापते. ते मला बघवेना.

झाकली मी ती खिडकी. बाहेरून तट्टी, आतून दुहेरी गोणपाट. मौसांना उद्या सांगेन. आजोबा आहेत, समजून घेतील.

आणि काय सांगू, अर्ध्या तासात घर बदललं. थर्मामीटर एकोणतीसवर. आधी वाटलं बिघडला. पण अंगालाच कळत होतं. आमच्याकडे विहिरीत वाकून पाहिलं की तोंडावर येतो तसा गारवा. टिकी तीन तास गाढ झोपली. मी पाण्यात भिजवलेल्या भाताचा पखाळ खाल्ला, कांदा आणि सुकट घेऊन, आणि जमिनीवर पडले. किती दिवसांनी दुपारी झोप लागली.

संध्याकाळी माउसी आली. दारातच थबकली. आत ये म्हटलं तर बसली नाही. मधल्या खोलीकडे बघत तिने विचारलं, मौसाला विचारलंस का? मी म्हटलं, सांगते उद्या. ती न बोलता टिकीला घेऊन अंगणात गेली. माउसी आणि न बोलता.

२४ एप्रिल

मौसा दोन दिवसांपासून गावात नाहीत, सोनपूरला सूत आणायला गेलेत.

एक नवल लिहून ठेवते. गोणपाटं फार लवकर वाळतात. पुढच्या खोलीतली तीन-चार तास ओली राहतात, मधल्या खोलीतलं तासाभरात कोरडं. तेही सगळं नाही. मध्येच गोल गोल ठिपके कोरडे पडतात, पेल्याच्या काठाएवढे, आणि भोवतालचं ओलंच राहतं. आधी वाटलं, वीणच तिथे विरळ असेल. पोतं फिरवून लावलं. ठिपके पुन्हा त्याच उंचीवर आले.

माठही लवकर खाली जातो. सकाळी काठोकाठ भरला होता, दुपारी तळाला तांब्या आपटला. गळतोय म्हणून खाली राख पसरली. राख कोरडीच.

२६ एप्रिल

ठिपके मोजले. अकरा.

नऊ माझ्या तोंडाच्या उंचीला, थोडे वरखाली. दोन खाली, माझ्या कमरेशी.

माउसीला दाखवले. तिने ते पुन्हा मोजले. मग हळूच म्हणाली, दिदी, हे काढ. मी म्हटलं, काढलं तर पोर भाजेल. ती म्हणाली, पोराला माझ्या घरी आण. तिच्या घराला पत्र्याचं छप्पर आहे. तिथे काल तिची स्वतःची शेळी मेली.

तिला काय माहीत आहे ते विचारलं. तिने एवढंच सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, असाच उन्हाळा होता. आंध्राच्या वीटभट्टीवरून घरी परतणारी माणसं गाडीतून उतरली. बसगाड्या बंद होत्या, म्हणून चालत निघाली. ती या घरासमोर मेली. अकरा. त्यात दोन लेकरं. मौसांचं घर त्या दिवशी बंद होतं म्हणतात, घरचे सगळे बाहेरगावी. असते तर कोणी तरी पाणी दिलं असतं ना, म्हणाली.

मी शिकलेली आहे. बाष्पीभवन म्हणजे काय ते मला माहीत आहे. रात्री स्वतःलाच दोनदा समजावलं.

२७ एप्रिल

आज मुद्दाम पाहिलं. दुपारी दीड. गोणपाट पाणी गळेपर्यंत भिजवलं आणि समोर स्टुलावर बसले.

दहा मिनिटं काहीच नाही. मग कमरेच्या उंचीवर, डाव्या बाजूला, एक ठिपका फिका पडू लागला. कडेकडेने नव्हे, मधून. पोत्याचा तेवढा भाग आत ओढला गेला, सैल झाला, पुन्हा ओढला गेला. आणि आवाज. वासरू आचळ ओढतं तसा.

बाहेरून नाही. खिडकीबाहेर तट्टी आहे. आवाज माझ्या बाजूने येत होता. खोलीत. माझ्या आणि गोणपाटाच्या मध्ये.

टिकीला उचलून रस्त्यावर पळाले. पायांत चप्पल नव्हती. दोन्ही तळव्यांना फोड आलेत. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. किती वेळ उभी राहणार? टिकीचं डोकं पदराखाली चटचट तापायला लागलं. चार मिनिटं. पाच.

उपकेंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. परत आत गेले. दुसरं काय करणार होते मी?

२८ एप्रिल

मधलं गोणपाट काढलं, तट्टीही पाडली. ऊन आत आलं. एक्केचाळीस. टिकीने दोनदा ओकारी काढली.

पण ठिपके आता पुढच्या खोलीच्या गोणपाटांवर आलेत. स्वयंपाकघरात पण. माठावर झाकण ठेवलं, झाकणावर पाटा ठेवला. तरी रिकामा.

संध्याकाळी मधली खिडकी पुन्हा झाकली. निदान गार तरी राहील.

भाजलेल्या विटेवर पाणी पडलं की येतो तसा वास येतो घरात. सगळीकडे.

२९ एप्रिल

टिकीचे लंगोट सकाळपासून कोरडे.

मी रोज बायकांना हेच शिकवते. बाळाने सहा तास लघवी केली नाही तर लगेच आणा. जीभ बघा. चिमटीत कातडी धरून बघा. मी दर तासाला पाजते आहे, वर साखर-मिठाचं पाणी देते आहे. एकोणतीस अंशांच्या खोलीत पोर वाळतंय. माझे ओठ फुटलेत. दूध येईना.

दुपारी झोळीजवळ गेले तर झोळी हलत होती. एका बाजूने कोणीतरी हळू झोका द्यावा तशी. टिकी जागी होती. ती हसत होती, माझ्याकडे नाही, झोळीच्या पलीकडे बघून. तिचे ओठ ओले होते आणि मग माझ्या डोळ्यांदेखत एकदम कोरडे —

मौसा आज आले सोनपूरहून. माउसी त्यांना आणायला गेलीय.

२९ एप्रिल, संध्याकाळ

मौसा उंबरठ्याच्या बाहेर बसले, आत पाय टाकला नाही. मी त्यांना ठिपके दाखवले.

सांगितलं त्यांनी. माउसीसमोर सांगितलं. घर त्या दिवशी बंद नव्हतं. ते, त्यांची बायको आणि आठ दिवसांची बाळंतीण सून, सगळे आत होते. सगळ्या खिडक्यांना ओली पोती लावून. दीड वाजता दार वाजलं. बाहेरून बायकांचे, पोरांचे आवाज, पाणी द्या, थोडी सावली द्या. मौसा म्हणाले, दार उघडलं की सगळी झळ आत येणार होती दिदी, अकरा माणसं आत घ्यायची तर पोराचं काय? मी त्यांना आतूनच म्हटलं, थांबा, ऊन उतरू दे. नंतर मधल्या खिडकीचं पोतं जरा उचलून पाहिलं. एक बाई पायरीवर पोराला पदराखाली घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोतं खाली सोडलं.

चारला दार उघडलं तेव्हा कोणी हलत नव्हतं.

आणि नातू त्याच आठवड्यात गेला. थंड घरात, दुधाने भरलेल्या आईच्या कुशीत, वाळून गेला. तेव्हापासून ती खिडकी उघडी. उघडी असली की ती माणसं येत नाहीत. इतके भाडेकरू राहून गेले, काही झालं नाही.

माउसी उठली. एवढंच म्हणाली, त्यात माझी नणंद होती, मौसा. तू माझ्या हातचं पाणी तीस वर्षं प्यालास. मग टिकीला घेऊन अंगणात गेली.

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. विचारलं, तान्ह्या पोराच्या आईला हे घर दिलंत कसं? म्हातारा रडला नाही. म्हणाला, सगळं काढून टाक उद्या उजाडताच. एका खिडकीने आता भागणार नाही. ते आत आलेत. मी येतो तट्ट्या उपटायला. मी म्हटलं, उन्हात येऊ नका. ते म्हणाले, उन्हातच यायला हवं मला.

३० एप्रिल, सकाळ

टिकीची टाळू खोल गेलीय. बोट टेकवलं तर वाटीसारखी —

सहा वाजता सगळी गोणपाटं ओढून काढली. अंगणात ढीग केला. टिटलागडहून गाडी मागवली. गाडीत आधीच उष्माघाताचे दोन, मागे एकच माणूस मावतं. माउसी गेली टिकीला घेऊन. वाटेत द्यायचं सगळं बांधून दिलं. मला उपकेंद्र सोडता येईना, बाहेर सहा जण पडलेत आणि बदली नर्स दुपारच्या गाडीने येणार. ती आली की मी निघते.

टिकीने माझं बोट धरलं नाही. नेहमी धरते.

३० एप्रिल, बारा

माउसीचा फोन. सलाईन लागलं. पोरीने लघवी केली, माझी साडी नासवली तुझ्या पोरीने, म्हणाली. मी इंजेक्शनच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

बदली नर्स आली. घरून कपडे आणि कागद घेते, पिशवी भरली की निघाले. टिटलागडची दोनची बस.

३० एप्रिल, एक वाजून दहा

घरात आहे. आत पाऊल टाकलं आणि दार मागून लागलं.

गोणपाटं पुन्हा लागली आहेत. चारही खिडक्यांना. ओली. मी काढली होती — माझ्या हातांनी — ढीग केला होता —

अंधार. गार. खूप गार. वही पिशवीत होती, दाराच्या फटीतल्या उजेडात लिहिते आहे. फोन लागत नाही.

घर भरलंय. कोणी दिसत नाही. पण हलायला जागा नाही.

मला काही करत नाहीत. माझ्याकडे त्यांचं लक्षच नाही. सगळे दाराकडे तोंड करून —

एक पंचवीस

दार वाजलं.

मौसा. तट्ट्या काढायला आले. म्हणाले, दिदी, दार उघड, चक्कर येते, थोडं पाणी दे.

हे लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर वाचा. मी थांबा म्हटलं नाही. मी लगेच उठले. माठात तांब्याभर पाणी होतं, ते घेतलं. कडीला हात घातला.

कडी हलत नाही.

अंगणाचं दार पाहिलं. तेही नाही. खिडकीचं गोणपाट ओढलं, सुटत नाही, पलीकडून कोणी घट्ट धरल्यासारखं. ओरडले. माउसी नाही. रस्त्यावर कोणी नसतं या वेळेला.

मौसा पुन्हा पाणी मागतात. आवाज खाली आला. बसले असावेत पायरीवर.

दाराखालच्या फटीतून पाणी ओतलं. ओघळ उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथेच — दगडावर डागसुद्धा राहिला नाही. तो आवाज पुन्हा. वासराचा.

घरातल्या त्या सगळ्यांना सांगितलं, सोडा, म्हातारा आहे. पाया पडते.

कडी पुन्हा ओढली.

पावणेदोन

थाप आता अगदी खाली लागते. बोटांनी.

मौसा, मी उघडते आहे. ऐकता ना. मी आत आहे, उघडते आहे —

कडीवर हात आहेत. आता कळलं. माझ्या हाताखाली. थंड, खरखरीत, विटा वाहून सोललेले. एकावर एक. मी ओढते आणि ते धरतात.

थाप थांबली.

नाही. परत एक.

वरचे हात सुटत नाहीत. सर्वांत खालचा लहान आहे, लेकराचा. तो एक सुटला तर कदाचित — त्याची बोटं एकेक करून सोडवते आहे, करंगळी सुटली, आता दुसरं, आणि त्याने माझं बोट धर —